एकेरी अमेरिकन

इतिहासातले थोर अमेरिकन कोण कोण, हे ठरवायला यंदा आमच्या हिवरखोऱ्याचा नंबर लागला. दरसाल जिल्ह्यातल्या एका गावाचा लागतो आणि दरसाल देश बदलतो. मागच्या साली भोगावला थोर जर्मन आले होते. गावानं सकाळी सभा घेतली, जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं, एक जुनं पातेलं निवडलं, आणि जेवायच्या आत सगळे घरी गेले. ते मंजूरही झालं. भोगावकर कुठलंही काम असंच उरकतात. आम्ही तसे नाही, आम्ही भांडतो.

परिपत्रक आलं तेव्हा मी पंचायतीतच होतो. मी तिथला सदस्य आहे. खुर्ची रिकामी असली तर बसतो, नाहीतर चहा पिऊन परततो. अटी तीनच होत्या. माणूस अमेरिकन हवा, थोर हवा आणि इतिहासातला हवा. अगदी खाली खुलासा होता, की अमेरिकन म्हणजे 'ज्यास लोक सर्वसाधारणपणे अमेरिकन म्हणून ओळखतात असा इसम'. ती ओळ तेव्हा कुणी वाचली नाही. सरकारी कागद शेवटपर्यंत वाचायची आपल्याकडे रीतच नाही.

ग्रामसभा शाळेच्या पटांगणात भरली. लिंकन खराड्यांनी घेतला आणि वॉशिंग्टन मोहित्यांनी. तसं कुणी ठरवलं नव्हतं, पण या दोन भावक्यांना एकच माणूस पसंत पडल्याचं आजवर कुणी पाहिलेलं नाही. खराडे म्हणाले, लिंकनने गुलामांना मोकळं केलं. मोहिते म्हणाले, मोकळं करायला आधी देश लागतो, तो वॉशिंग्टनने उभा केला. सोपान वायरमन एडिसनसाठी उठला आणि त्याच घटकेला लाईट गेली, माईक बंद पडला, त्यामुळे एडिसनची बाजू पुढच्या दोन रांगांनाच ऐकू आली. भुईमूगवाल्यांनी शेंगदाण्याचा अभ्यास करणाऱ्या कार्व्हरचं नाव दिलं. त्याचंही पहिलं नाव जॉर्ज वॉशिंग्टनच आहे असं कळताच मोहित्यांनी त्यालाही आपल्यात ओढला. भुईमूगवाले बिथरले. मोहित्यांनी गेल्या निवडणुकीतही असंच केलं होतं, असं ते म्हणाले.

शेवटी सरपंच शकुंतलाबाई खराडे यांनी टेबलावर पेला आपटला आणि चौघांनाही घेऊन टाकलं. यादीत जागा पाच होत्या. एक उरली. सगळ्यांना भूक लागली होती, आणि जो तो ती जागा दुसऱ्याच्या माणसाला मिळू नये एवढंच बघत होता.

तेव्हा अमेरिकन उठला.

अमेरिकन म्हणजे आमचा शिंपी, रंगनाथ माळवदे. तरुणपणी दुकान टाकताना तो शहरात पाटी रंगवून घ्यायला गेला. तिथल्या पेंटरकडे 'अमेरिकन टेलर्स' अशी तयार पाटी पडून होती. मालक नेईना, म्हणून ती स्वस्तात मिळाली. तेव्हापासून तो अमेरिकन. रंगनाथ हे नाव गावानं पार गिळून टाकलं. लग्नाच्या पत्रिका 'अमेरिकन टेलर आणि परिवार' अशा यायच्या. काल चालायला लागलेलं पोरसुद्धा 'ए अमेरिकन, चड्डी झाली का' असं त्याला दारातून विचारायचं, आणि तो 'उद्या' म्हणायचा. स्टँडवर तयार कपड्यांची दुकानं झाली तेव्हा त्याचं दुकान मिटलं, पण हाक तीच राहिली.

"माझं नाव घ्या," तो म्हणाला. "मला सारं गाव अमेरिकन म्हणतं. लिंकनला कोण म्हणतं? त्याला लिंकन म्हणतात. कागदात काय लिवलंय ते बघा."

कागद बघितला. खुलाशाप्रमाणे तो सगळ्यांत पक्का अमेरिकन निघाला. उलट आधीच्या चौघांबद्दलच शंका उभी राहिली, पण ते मंजूर होऊन गेले होते.

सरपंचबाईंनी विचारलं, की ही जागा त्याला कशाला हवी. तो म्हणाला, "उभा जन्म या गावात गेला. मला कुणी अहो म्हटलं न्हाई. एकदा थोर झालो की म्हणाल. मला तेवढंच ऐकायचंय."

मला माझीच लाज वाटली, कारण सकाळीच मी त्याला 'सरक रे' म्हटलं होतं. पण लाज वाटली म्हणून नियम सुटत नाहीत, तेव्हा अटींवर चर्चा सुरू झाली.

इतिहासात बसण्यासाठी तो हयात नसावा, असा मोहित्यांचा आक्षेप होता. मराठीचे निवृत्त शिक्षक दिघे गुरुजी यांनी तो मोडून काढला. जे होऊन गेलं तो इतिहास, असं ते म्हणाले. याचं दुकान होऊन गेलेलं आहे, त्यामुळे दुकानदारही इतिहासात जमा. भोगावच्या पातेल्यात तर अजून दूध तापतं. हा दाखला बिनतोड होता.

राहिला थोरपणा. त्यावर सरपंचबाईच बोलल्या. त्यांचं माहेर आणि सासर दोन्ही हिवरखोऱ्यातलीच. पाचवीत त्यांना एकच फ्रॉक शिवला होता, असं त्यांनी सांगितलं. अमेरिकनने त्याच्या आत चांगली वीतभर दुमड ठेवली होती. दरसाल जूनमध्ये आई दुमडीची एक शिवण उसवायची आणि फ्रॉक खाली यायचा. शाळा सुटेपर्यंत तो पुरला. नवा घेण्याची ऐपत नव्हती, हे वर्गात कुणाला कळलं नाही.

हे ऐकून बायकांच्या बाजूनं एकेक जण बोलू लागली. गावातल्या प्रत्येक चड्डीत, प्रत्येक परकरात त्यानं न सांगता वाढतं माप ठेवलं होतं. एका आजोबांनी तर अंगातल्या सदऱ्याची शिवण उलटून दाखवली. त्यांची वाढ कधीच थांबली होती, पण दुमड अजून शाबूत होती. लिंकन मोठा माणूस, यात वाद नाही. पण त्यानं आमच्यापैकी कुणाच्या वाढीचा विचार करून ठेवला होता, असा पुरावा पुढे आला नाही.

हात वर झाले. खराडे आणि मोहिते यांचे हात एकाच वेळी वर गेलेले मी प्रथमच पाहिले. रंगनाथ माळवदे थोर अमेरिकन म्हणून मंजूर झाला. त्यानं उपरण्यानं डोळे पुसले आणि अहो ऐकायला कान पुढे केला.

पण ठराव लिहायला घेतला आणि घोळ झाला. दिघे गुरुजींनी पेन उचललं आणि पुन्हा खाली ठेवलं.

"व्याकरण आडवं येतंय," ते म्हणाले.

त्यांनी ते सावकाश समजावलं. आपली माणसं थोर झाली की आपण त्यांना अहो-जाहो करतो. परदेशातला माणूस कितीही थोर होवो, तो पुस्तकात एकेरीच असतो. लिंकन म्हणाला. एडिसनने दिवा लावला. आपण इतका वेळ तसंच बोलत होतो आणि कुणाला काही खटकलं नाही. आता ठरावात लिंकन 'म्हणाला' आणि माळवदे 'म्हणाले' असं लिहिलं, तर माळवदे लिंकनपेक्षा वर जातात. तो पंचायतीचा अधिकार नाही. आणि लिंकनलाच अहो करायचं, तर शाळेची सगळी पुस्तकं बदलावी लागतील. तोही नाही.

"म्हणजे?" रंगनाथने विचारलं.

"म्हणजे तू थोर झालास," गुरुजी म्हणाले, "आणि आजपासून ठरावानुसार एकेरी झालास."

त्याचा चेहरा उतरला. आजवर त्याला अरे म्हणत ते सवयीनं, आता ते कायद्यानं म्हणणार होते. सरपंचबाईंना वाईट वाटलं. त्यांनी तोड काढली, की त्यानं नाव मागं घ्यावं. तसं केलं तर तो साधा गावकरी राहील आणि उद्यापासून सारं गाव, लहान पोरांसकट, त्याला अहो म्हणेल. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. थोरपण की अहो, यातलं एकच मिळणार होतं, आणि ठरवायचं त्यालाच होतं.

रंगनाथने गुरुजींकडे बघितलं, मग ठरावाकडे. "काढा नाव," असं तो म्हणणार एवढ्यात बायकांच्या बाजूनं त्याची बायको उठली. अनुसयाकाकी चारचौघांत कधी बोलत नाहीत. त्यांनी पदर सारखा केला आणि गुरुजींना विचारलं, "ह्यो नियम मला बी लागू का?"

गुरुजी म्हणाले, की नियम सरसकट आहे.

"घरात बी?"

"घरातसुद्धा."

लग्न झाल्यापासून काकी नवऱ्याला अहो म्हणत आल्या होत्या. त्याचं नाव त्यांनी एकदाच घेतलं होतं, उखाण्यात, तेही नणंदांनी दार अडवलं म्हणून. गावानं ते नाव टाकलं, आणि ज्या एका माणसाला ते ठाऊक होतं तिला ते घ्यायची मुभा नव्हती. हे आमच्या कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

"मग बरं झालं," काकी म्हणाल्या. त्या नवऱ्याकडे वळल्या. आवाज शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू आला.

"रंगनाथ, चल घरी. भाकरी निवतीय."

आपलं नाव ओळखायला रंगनाथला क्षणभर वेळ लागला. मग त्यानं गुरुजींना सांगितलं, "ठराव राहू द्या." आणि तो काकींच्या मागोमाग निघाला. नेहमी तो पुढे आणि त्या मागे चालायच्या. त्या दिवशी उलट झालं.

महिन्याभरानं जिल्ह्याची मंजुरी आली. आता गावात त्याला अमेरिकन म्हणत नाहीत, कारण तो तसा आहे हे सरकारनंच मान्य केलं आहे, वेगळं सांगायची गरज उरली नाही. सगळे रंगनाथ म्हणतात. रंगनाथ आला, रंगनाथ बसला, एडिसनने दिवा लावला. पुढच्या साली शेजारच्या वाघजाईला थोर फ्रेंच आलेत, आणि तिथला फ्रेंच पॉलिशवाला सुतार आत्तापासूनच रोज दाढी करतो, असं ऐकतो.

माळवद्यांचं घर माझ्या वाटेवर आहे. सकाळी पंचायतीत चहाला जाताना आतला आवाज कानावर पडतो. "रंगनाथ, पाणी काढलंय, अंघोळीला ये." काकी आता कारण नसतानाही त्याला हाक मारतात. काकींचं नाव यादीत नाही, त्यामुळे त्यांना मान द्यायला नियमाची काही आडकाठी नाही, हे रंगनाथने गुरुजींना विचारून घेतलं आहे. पूर्वी तो 'अगं, आलो' म्हणायचा.

"आलो, अनुसयाबाई," आतून उत्तर येतं. "तुम्ही बसा. चहा मी ठेवतो."