वाणात गेलेलं प्रदर्शन

हळदीकुंकू आणि प्रदर्शन एकाच दिवशी, एकाच सोप्यात ठेवायची अक्कल आप्पासाहेबांची. भामाबाईंनी आधीच सांगितलं होतं, "आवं, दोन्ही येगळं येगळं करू." पण आप्पासाहेब फौजेतून सुभेदार होऊन आलेले. एका गोळ्यात दोन चौक्या उडवायची त्यांना हौस. ते म्हणाले, "प्रदर्शन म्हणलं तर वडूजातली एक बाई यायची न्हाई. हळदीकुंकू म्हणलं तर एक बाई घरात ऱ्हायची न्हाई. बाया कुंकवाला येतील, दागिनं बगतील, जातील." बोलणं बिनतोड होतं. बाया आल्या, दागिने बघितले आणि गेल्या. दागिनेही गेले.

हे दागिने म्हणजे पुतळ्या-ठुशा नव्हेत. राजाराम पोतदार सोनाराच्या घरातला, पण सोन्यावर सरकारचा कायदा बसला तेव्हापासून त्याच्या बापाची शेगडी थंड पडली होती. बाप गेल्यावर राजारामने हाताला लागेल ते घेऊन दागिने करायला सुरुवात केली. तांब्याची तार, पितळेचा पत्रा, मोटारीच्या स्प्रिंगच्या पाट्यांचं पोलाद, फुटक्या बांगडीची काच. लोक त्याला तोंडावर म्हणायचे, "नवरीच्या अंगावर काय भंगार घालायचं व्हय रं?"

भामाबाईही त्याच्या घरी हसायलाच गेल्या होत्या. गेल्या त्या एका कणसासमोर बसूनच राहिल्या. तांब्याचं जोंधळ्याचं कणीस, गळ्यात घालायचं. दाणा न् दाणा वेगळा, केसाएवढ्या तारेवर लोंबता. घालणारीने श्वास घेतला की कणीस हलायचं आणि रानात वारा सुटल्यासारखी बारीक सळसळ यायची. शेजारी एक पोलादी पाटली होती. तिच्यावर दुष्काळातल्या रानासारख्या भेगाच भेगा कोरलेल्या, आणि एका भेगेच्या तळाशी निळ्या काचेचा थेंब. डोळे बारीक करून शोधला तरच दिसणारा.

"राजाराम, हे तू केलंस?"

"व्हय, काकी."

"कशापायी रं?"

"डोळ्याम्होरं आलं. मग केल्याबिगर निजता येईना."

भामाबाईंना त्या दिवशी जेवण गेलं नाही. आपल्या गावात, चार घरं पलीकडे, एवढं मोठं काहीतरी चाललंय आणि आपण रोज त्याच्या दारावरून भाजी आणायला जातो, याचीच त्यांना लाज वाटली. दुसऱ्या दिवशी त्यांनी मंडळ काढलं. राजारामचे दागिने आपण घालायचे, चारचौघींना घालायला लावायचे, घरोघरी पोचवायचे, हे मंडळाचं काम. सभासद दोन, भामाबाई आणि प्राथमिक शाळेतल्या मास्तरीण मनुबाई. आप्पासाहेब अध्यक्ष, कारण अध्यक्षाशिवाय मंडळ म्हणजे नवरदेवाशिवाय वरात, असं त्यांचंच मत. वर्ष गेलं तरी चौथं माणूस फिरकलं नाही.

पौषात राजाराम सांगायला आला. मेव्हण्याने फलटणकडच्या एका साखर कारखान्यात ऊस मोजायच्या काट्यावर त्याची नोकरी बघितली होती.

"कुणी अंगावर घालंना, काकी. दागिना पेटीतच पडून ऱ्हाणार आसंल, तर पेट्याच केलेल्या काय वाईट?"

ते हात उसाच्या गाड्या मोजणार, हे ऐकून भामाबाई तशाच उठून मनुबाईंकडे गेल्या. मनुबाईंच्या ओळखीच्या एक ताम्हनकर बाई पुण्याला चित्रकला शिकवायच्या. त्यांना निरोप गेला. सोमवारी येते, काम पसंत पडलं तर पुण्यात मांडू, असं त्यांनी कळवलं. "तवर थांबतो," राजाराम म्हणाला. म्हणून रविवारी गावाला दाखवायचं आणि सोमवारी पुण्याला, असा बेत ठरला.

रविवारी सोप्यात पांढरं धोतर अंथरून त्यावर ताटांत दागिने मांडले. वाण म्हणून आप्पासाहेबांनी साताऱ्याहून प्लॅस्टिकच्या गुलाबी साबणाच्या डब्या आणल्या होत्या. त्यांची पाटी स्वयंपाकघरात ठेवली. मनुबाई दारात अत्तर-गुलाबपाणी घेऊन उभ्या राहिल्या. भामाबाई चुलीपाशी मसाल्याच्या दुधात अडकल्या. ताटांपाशी कुणीतरी हवं होतं, तर आदल्या रात्री जतहून थोरल्या जाऊबाई आल्या होत्या, अंबूबाई. भामाबाई त्यांना घाईत म्हणाल्या, "अक्का, हितं बसा, ताटांवर ध्यान ठिवा."

बास, एवढंच सांगितलं. आता संक्रांतीचं हळदीकुंकू, पुढ्यात भरलेली ताटं आणि समोर पदर पसरून उभी राहिलेली बाई. अंबूबाईंच्या जागी दुसरं कुणी असतं तरी दुसरं काय केलं असतं?

भामाबाई डब्यांची पाटी घेऊन सोप्यात आल्या, तेव्हा शेवटची बाई उंबरा ओलांडत होती आणि धोतरावर नुसती ताटं उरली होती.

"अक्का, दागिनं?"

"दिलं की."

"कुनाला?"

"बायास्नी. शेवटच्या बाईपतोर पुरलं, देवाची किरपा. ज्येला जे शोबंल ते बगून दिलं. पर भामे, लय खर्च केलास गं. आमच्यात जतला फनी देत्यात."

भामाबाई पाटीसकट खाली बसल्या. चोरीला गेलं असतं तर फौजदार होता. विसरून राहिलं असतं तर मागून आणता आलं असतं. पण सवाष्णीच्या पदरात कुंकू लावून घातलेलं वाण परत मागायचं, हे साताऱ्यापासून जतपर्यंत कुणी केलेलं नव्हतं.

तेवढ्यात दारात राजाराम. बायकांत यायला लाजतो म्हणून सगळं आटोपल्यावर आला होता. त्याने ताटं बघितली.

"काकी, कुटं गेलं सगळं?"

"बायांनी नेलं," भामाबाईंच्या तोंडून निघून गेलं. खोटं तर नव्हतं.

"नेलं? घरी? घालायला?"

त्याने खांबाला हात लावला आणि बराच वेळ रिकाम्या ताटांकडे पाहत उभा राहिला, देवळात उभं राहावं तसा. त्याचा तो चेहरा बघून भामाबाईंना खरं सांगायचा धीर झाला नाही. आता दागिने परत तर आणायचे होतेच, आणि तेही राजारामला कळू न देता.

सकाळी आप्पासाहेबांनी मोहीम आखली. डबी द्यायची, "वाणाची अदलाबदल झाली" म्हणायचं आणि दागिना घेऊन यायचा. नवराबायको पाटी घेऊन निघाले. पहिलीच भेटली हंबीररावांची सून, आडावरून येताना. पितळेचं मोठं वळणदार गळ्यातलं तिने चुंबळ करून डोक्यावर ठेवलं होतं आणि त्यावर भरलेली घागर. काळ्या केसांवर ते पितळ उन्हात असं पेटलं होतं की आप्पासाहेब पाटी घेऊन तिथेच थांबले.

"आवं, मागा की," भामाबाई कुजबुजल्या.

"कसं मागू? घागर खाली येईल."

बनुबाईकडे कणीस होतं. ती भाकरी थापत होती. हात चालला की कणीस सळसळायचं आणि तिचा नवरा जेवायचा थांबून ऐकत होता. लग्नाला बारा-चौदा वर्षं झालेल्या त्या घरात नवऱ्याने बायकोकडे असं बघितलेलं भामाबाईंनी कधी पाहिलं नव्हतं. त्या उंबऱ्यावरूनच माघारी फिरल्या.

तिसरी बाळाबाई. दुष्काळात दोन उन्हाळे खडी फोडून पोरं जगवलेली बाई. पोलादी पाटली तिच्या मनगटात होती. भामाबाईंना बघून तिने हात पुढे केला आणि हळू आवाजात म्हणाली, "ह्यात पानी हाय. बगितलंसा का तुमी? ह्या भेगंत, पार खाली. रातभर हुडकलं तवा गावलं."

तो थेंब आपल्याला आणि राजारामलाच ठाऊक आहे, असं भामाबाई समजून होत्या. त्यांचे डोळे भरून आले. काहीतरी करायचं म्हणून त्यांनी डबी पुढे केली.

"ही कशापायी?" बाळाबाईने विचारलं. मग तिची नजर पाटीवर गेली. "वाण परत न्यायला आलायसा व्हय?"

आप्पासाहेबांनी लढाया केल्या होत्या, पण त्यांना खोटं बोलता यायचं नाही. ते म्हणाले, "व्हय." झालं. दुपारच्या आत ही बातमी वडूजभर झाली.

दुपारच्या येष्टीने ताम्हनकर बाई आल्या. राजाराम धुतलेला सदरा घालून हजर होता. रिकामी ताटं वाईट दिसतात म्हणून आप्पासाहेबांनी त्यांत साबणाच्या डब्या मांडल्या होत्या. बाईंनी एक डबी उचलली, उलटी करून पाहिली आणि चष्मा पुसून पुन्हा पाहिली.

"हे तुम्ही केलंत?"

"न्हाई," राजाराम म्हणाला. तोही एक डबी उजेडाकडे धरून बघत होता.

"सातारच्या पेठंतलं हाय," आप्पासाहेब म्हणाले.

आता लपवण्यात अर्थ नव्हता. भामाबाईंनी पदर सावरला. "राजाराम, लेकरा, काल माज्या घरात एक घोळ झाला," असं त्या म्हणतात तोवर अंगणात गलका झाला. कालच्या सगळ्या बाया आल्या होत्या आणि पुढे बाळाबाई.

"भामाबाई, कुंकू लावून दिल्यालं वाण परत मागायची रीत कवापासनं निगाली वो?"

राजारामने दोघींकडे पाहिलं. त्याच्या ध्यानात आलं. "म्हंजी बायांनी आपन हून नेलं न्हवतं," तो हळूच म्हणाला. "पदरात पडलं म्हनून नेलं." भामाबाईंना मान वर करवेना.

"व्हय, पदरात पडलं म्हनून नेलं," बाळाबाई त्याच्याकडे वळून म्हणाली. "आता मागून बग, कोन देतंय."

अंगणात ऊन होतं आणि त्या उन्हात तांबं, पितळ, पोलाद, काच, सगळं बायांच्या अंगावर होतं. गळ्यात, दंडात, अंबाड्यात. चालून आल्यामुळे बनुबाईला धाप लागली होती, तेवढ्याने कणीस सळसळत होतं. राजारामने आपलं काम आजवर पेटीत पडलेलं नाहीतर खिळ्याला टांगलेलं बघितलं होतं. त्याच्याखाली एवढ्या जणींचा श्वास चाललेला त्याने पहिल्यांदाच बघितला. ताम्हनकर बाईंनी पायातल्या चपला काढल्या. का काढल्या ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

मग त्या म्हणाल्या, "आठ दिवस पुण्याला न्यायला द्याल का हे सगळं?"

"वाण घराभाईर जात न्हाई," बाळाबाई म्हणाली. "पुन्याच्या बायास्नी बगायचं आसंल तर येऊ द्यात की. येष्टी हाय."

म्हणजे पुणं गेलं. राजारामने मान हलवली. तो हसत होता, पण म्हणाला, "माजं काम झालं, काकी. बगायला मिळालं. आता फलटनला जायाला हरकत न्हाई."

तेव्हा इतका वेळ तांदूळ निवडत बसलेल्या अंबूबाई बोलल्या. "आगं पर रथसप्तमीच्या आत तुमाला माज्या जावंला परतीचं वाण द्यायचं हाय का न्हाई? असलं घिऊन फनी देनार व्हय?"

बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. वाणाला तोलाचं वाण द्यावं लागतं, नाहीतर गावात तोंड दाखवायची सोय राहत नाही. आणि एकीने भामाबाईला द्यायचं, तर बाकीच्याही तिच्या घरी कुंकवाला येणारच. त्यांच्या हातावर काय ठेवायचं? सगळ्या हळूहळू राजारामकडे वळल्या.

"राजाराम," बाळाबाई म्हणाली, "रथसप्तमीपतोर कुटं जाऊ नगंस."

संध्याकाळी त्याच्या दारात बाया मावेनात. ताम्हनकर बाईंची परतीची गाडी चुकली, आणि रात्री त्यांनी मनुबाईंना विचारलं, मंडळात पुण्याचं माणूस चालतं का. काट्यावर मेव्हण्याने दुसरं कुणी लावलं.

रथसप्तमीला बाळाबाईच्या घरी हळदीकुंकू झालं. भामाबाईंनी पदर पसरला. मंडळ काढलं त्यांनी, पण त्यांच्याकडे स्वतःचा एकही दागिना उरला नव्हता. पदरात पडलं ते हरभऱ्याच्या फुलांचं गळ्यातलं. तांब्याच्या देठांवर गुलाबी पाकळ्या, कांद्याच्या सालीएवढ्या पातळ. दिव्याचा उजेड त्यांतून आरपार येत होता आणि भामाबाईंच्या हातावर गुलाबी पडत होता. एवढं नाजूक काही त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं.

"कशाचं गं हे?" त्यांनी विचारलं.

"वळखा म्हनलाय राजाराम."

त्यांनी एक पाकळी उलटी केली. मागे साबणाचं पाणी गळायला असतं तसं बारीक भोक होतं.

घरी आल्यावर आप्पासाहेबांनी ते गळ्यातलं कंदिलापाशी नेलं, खालून बघितलं, वरून बघितलं. मग न्हाणीत जाऊन आले. परवा राजाराम सगळ्या डब्या मागून घेऊन गेला होता, वापरातलीसुद्धा.

"मग आता साबण कशात ठिवायचा?" त्यांनी विचारलं.

"दगडावर," भामाबाई म्हणाल्या आणि आरशाकडे वळल्या.