मीटरपेटीची पूजा

आठवड्यात तिसरा बल्ब उडाला, तेव्हा निवृत्तीकाकांनी खुर्चीवरूनच निकाल दिला, "ही सगळी त्या गिरणीची करणी!"

नाशिकरोडच्या त्या इमारतीत तीन बिऱ्हाडं, आणि तिन्हींचे मीटर जिन्याखालच्या एकाच पेटीत. काकांनी एकलहऱ्याच्या वीज केंद्रात तीस वर्षं कामगारांची हजेरी लिहिली होती. विजेशी त्यांचा संबंध एवढाच, पण इमारतीत विजेबाबत शेवटचा शब्द त्यांचा असे.

खाली राहणाऱ्या रूपालीने घरातच पिठाची गिरणी घातली होती. गिरणी घुरघुरली की काकांचा दिवा डोळे दिपतील असा पेटे आणि फटकन जाई. काकांना आणखी पुरावा नको होता.

"रूपाली, तुझी गिरणी बंद ठेव. सगळी गडबड तिच्यामुळे होतेय."

"काका, दिवाळी तोंडावर आलीय. चकलीच्या भाजणीचे डबे रांगेत लागलेत. वर्षाची कमाई याच दिवसांत होते हो माझी."

"आणि आमचा फ्रिज जळाला तर? तीस वर्षं वीज केंद्रात काढलीत मी. उगीच नाही बोलत."

तीस वर्षांचा हवाला रूपालीला पटला. तिने गिरणीवर चादर टाकली. रांगेतले डबे पलीकडच्या गल्लीतल्या गिरणीत गेले. काका दोन दिवस छाती काढून फिरले.

तिसऱ्या दिवशी काकांच्या बायकोने, प्रतिभाकाकूंनी, इस्त्री लावली आणि वरच्या भागीबाईंचा टीव्ही ऐन मालिकेत धूर काढून बंद पडला.

"गिरणी तर बंद हाय ना, निवृत्तीभाऊ?" भागीबाईंनी जिन्यातून विचारलं. "मंग ही कोणाची करणी?"

शेवटी मनोज वायरमनला बोलावलं. सगळे जिन्याखाली जमले. मनोजने पेटी उघडली, तशी सुकलेली झेंडूची फुलं त्याच्या पायावर पडली. आत हळदकुंकवाचा लगदा, त्यात चिकटलेल्या अक्षता.

"तिन्ही घरांच्या सामाईक न्यूट्रल तारेचा जोड पार सडलाय," तो म्हणाला. "हा ढिला झाला की एका घरात व्होल्टेज उतरतं, दुसऱ्यात चढतं. गिरणीचा काय दोष? पाणी गेलंय आत." मग त्याने पक्कडीने करवंटीचा टवका बाहेर काढला. "इथे नारळ कोणी फोडला?"

सगळ्यांनी काकांकडे पाहिलं. उत्तराची गरजच नव्हती. खंडेनवमीला सगळे आपापल्या हत्यारांची पूजा करतात, म्हणून काकांनी या पेटीची केली होती. नारळही पेटीवरच वाढवला होता, आणि हात जोडलेला स्वतःचा फोटो इमारतीच्या ग्रुपवर टाकला होता.

काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. रूपालीने फक्त झाडू आणून फुलं गोळा केली. ती चार शब्द बोलली असती तर बरं, असं त्यांना वाटलं.

जोड नवा बसला. दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी आपला टीव्ही भागीबाईंकडे पोचवला आणि पिशवी घेऊन रूपालीच्या दारात उभे राहिले.

"चुकलं माझं, पोरी. मी नुसती हजेरी लिहायचो. विजेतलं मला काही कळत नाही. तुझ्या गिऱ्हाइकांकडे घरोघर जाऊन तेच सांगून आलोय. डबे परत येतील तुझ्याकडे."

रूपालीचे डोळे भरले. तिने गिरणीवरची चादर ओढली. काकांना हायसं वाटलं. त्यांनी पिशवीत हात घातला आणि नारळ काढला.

"आता गिरणी पुन्हा चालू करतेस तर..."

रूपालीने झेप घेऊन नारळ त्यांच्या हातातून काढून घेतला.

"द्या इकडे, काका. मी वाढवते. बाहेर, रस्त्यावर."