चिंतामणरावांचा फलक

खोताच्या वाडीजवळच्या त्या चाळीत मोर्च्यांचे फलक कमलाकांत लिहीत, आणि त्याचा त्रास शेजारच्या चिंतामणरावांना होई. कमलाकांतांचं ताजं कापड गॅलरीत वाळत होतं : ‘घेऊच घेऊ मुंबई आम्ही!’

“बघा,” वासंतीबाई नवऱ्याला म्हणाल्या, “‘आम्ही मुंबई घेऊ’ म्हटलं असतं तर किती मिळमिळीत वाटलं असतं! क्रियापद पुढे काढलं नि कसं अंगावर आलं! भावोजींच्या हातात जादू आहे हो.”

“जादू कसली? शब्दांची उलटापालट नुसती. मीही करीन.”

“करा की,” म्हणत वासंतीबाई भावोजींना चहा द्यायला गेल्या. घाव वर्मी बसला.

रविवारी संयुक्त महाराष्ट्राचा, गुजरातसह केलेल्या द्विभाषिक राज्याविरुद्धचा मोर्चा चाळीखालून जायचा होता. चिंतामणरावांनी जुनी चादर फाडली. मनातलं वाक्य साधंच होतं : ‘मुंबई हवी, द्विभाषिक नको.’ पण कमलाकांतावर मात करायची तर क्रियापद पुढे हवं! पट्टा अरुंद निघाला, म्हणून मजकूर तीन ओळींत बसवला. स्वल्पविराम फलकाला शोभेना, तो गाळला. कापड कठड्याला बांधून ते आत टाळ्यांची वाट पाहत बसले.

मोर्चा आला आणि घोषणा एकदम थांबल्या.

“ए, हे काय रे? ‘मुंबई नको’?”

चिंतामणरावांनी वाकून पाहिलं.

हवी
मुंबई नको
द्विभाषिक

“द्विभाषिक हवी म्हणतोय! चला रे वर!”

जिना दणाणला. चिंतामणराव मोरीत शिरले.

“इथे फलक कोण लिहितं?”

“कमलाकांत!” अख्खा मजला म्हणाला. मोरीत चिंतामणरावांना घाम फुटला होता; पण खोटं कशाला बोला, जरा बरंही वाटलं.

कमलाकांत बाहेर आले. त्यांनी फलक निरखला, मग शेजारच्या बंद मोरीकडे पाहिलं.

“अरे, वरून काय वाचताय? शेवटापासून वाचा! द्विभाषिक, नको! मुंबई, हवी! उलटा कारभार आपल्यावर लादलाय, म्हणून फलकही उलटा!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. पहिली टाळी वासंतीबाईंची. ती ऐकली आणि चिंतामणरावांना मोरीत राहवेना.

“माझा आहे तो! लिहिलाय मी!”

लोक खो खो हसले. “काका, मघाशी कुठे होतात?”

“हसू नका,” कमलाकांत हात जोडून म्हणाले. “खरंच तो चिंतामणरावांचा आहे. मी एक अक्षरही लिहिलेलं नाही.”

“वा! काय हा विनय!” म्हणत लोकांनी कमलाकांतांना खांद्यावर उचललं.

वासंतीबाईंनी पदराने डोळे टिपले. “बघा, श्रेयसुद्धा तुम्हांला देतायत. शिका काहीतरी!”