खुर्चीचे वाली

"खुर्ची वाचवता ना तुम्ही?"

फोनवरचा आवाज इतका दबका होता, की खुर्चीवाल्या काकांनी हातातला सरसाचा ब्रश बाजूला ठेवला. वेबसाइट चालू झाल्यानंतरचा हा पहिलाच फोन. त्यांनी घसा साफ केला.

"वाचवतो की! काय झालंय तिला?"

"डळमळतेय. चौघांच्या जिवावर उभी होती. त्यातला एक फुटला."

"फुटला? उभा की आडवा?"

"परवापर्यंत पाठीशी उभा होता. आता आडवा यायला लागलाय."

"मग दोन खिळे ठोकून बघू. नाहीच बसला तर कापून टाकायचा. नवा घालू."

"अहो, इतकं टोकाला नका जाऊ! दोन पोरांचा बाप आहे तो!" आणि फोन बंद.

काका फोनकडे बघत राहिले. खुर्चीच्या पायाला पोरं असल्याचं त्यांनी उभ्या आयुष्यात ऐकलं नव्हतं.

या सगळ्याच्या मुळाशी काकांची भाची होती. ती ऑनलाइन जाहिरातींचं शिकून आली होती आणि मामाच्या खुर्चीदुरुस्तीच्या दुकानाची अवस्था बघून तिचा जीव कळवळला होता. वेत सुकत होता, रंधा गंजत होता, आणि आतल्या खोलीतून काकू रोज ऐकवत होत्या, "या महिन्यात एक तरी खुर्ची आली तर ठीक. नाहीतर कुलूप लावा आणि माझ्या भावाच्या शोरूममध्ये कामाला जा. प्लास्टिकच्या का होईना, खुर्च्याच आहेत त्या!" लाकडाचा सांधा बसताना जो बारीकसा 'टक्' आवाज येतो, त्यावर काकांचं अर्धं आयुष्य गेलं होतं. प्लास्टिक नुसतं कचकचतं. त्या कचकचीत म्हातारं व्हायची कल्पना त्यांना सहन होत नव्हती.

"मामा, वस्तू विकायची नाही," भाचीने शिकवलं होतं. "गिऱ्हाइकाच्या दुखण्यावर बोट ठेवायचं. आणि फोटो तुझा टाकायचा. लोक माणसावर विश्वास ठेवतात."

काकांनी दोन्ही सल्ले मनापासून पाळले. लग्नातला कोट चढवून, हाताची घडी घालून फोटो काढला. आणि दुखण्यावर बोट म्हणून स्वतः रचलेल्या दोन ओळी टाकल्या:

*खुर्ची तुमची डळमळे, जीव होई वरखाली?*
*चिंता सोडा, बसा निवांत, आम्ही आहोत तिचे वाली!*

अख्ख्या वेबसाइटवर खुर्चीचा फोटो एकही नव्हता. कोटातले काका मात्र पानभर होते.

मग फोनमागून फोन येऊ लागले. कुणाला बढती हुकण्याची भीती, कुणाचं अध्यक्षपद धोक्यात. एकाने तर विचारलं, "दुसऱ्याची खुर्ची खिळखिळी करून देता का?"

"मामा, गर्दी झालीय बघ आपल्या पानावर!" भाची खूश होती.

"झालीय गं. पण एकाच्याही हातात खुर्ची नाही. सगळे नुसते बसलेले."

"मग कविता काढून टाक."

"कविता राहू दे."

"फोटो तरी बदल."

काकांनी फोटोकडे पाहिलं. कोटात ते खरोखर बरे दिसत होते. "त्यापेक्षा एखादा शब्द वाढव ना," ते म्हणाले. भाचीने 'खुर्ची'च्या आधी 'लाकडी' घातलं.

दुसऱ्याच दिवशी एक जाडसर आवाज म्हणाला, "'लाकडी' म्हणजे काय ते आलं माझ्या लक्षात. फोनवर उघड बोलायचं नाही, असंच ना?"

त्यानंतर काकांनी नाद सोडला. फोन आला, 'डळमळते' ऐकलं, की ते "राजीनामा द्या" म्हणायचे आणि ठेवून द्यायचे.

महिना सरत आला तेव्हा एका बाईंचा फोन आला. "वाचनालयातून बोलतेय. आमच्या खुर्च्या डळमळतात हो. एकदोन नाही, सगळ्याच."

"म्हणजे फूट पडलीय तुमच्यात," काका थकून म्हणाले.

"फूट काय, भेगा काय! वरचे लक्षच देत नाहीत."

"वरचे कधीच देत नाहीत. बाई, राजीनामा लिहा. टेबलावर ठेवा आणि मागे न बघता निघा."

"इतकं स्पष्ट मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं," बाई म्हणाल्या आणि फोन बंद झाला.

"कोण होतं?" काकूंनी विचारलं.

"वाचनालयाच्या बाई. तेच रडगाणं."

काकू दारात आल्या. "अहो, वाचनालयात खरंच खुर्च्या असतात."

काकांनी उलटा फोन केला, कुणी उचलेना. मग सरसाचा डबा सायकलला अडकवून ते सुटले. वाटभर स्वतःलाच शिव्या घालत होते. "महिनाभर वाट बघितली आणि खरं गिऱ्हाईक आलं तर त्याला नोकरी सोडायला लावली! वा रे वाली! जा आता प्लास्टिक पुसायला!"

बाई वाचनालयाच्या पायरीवरच भेटल्या. त्यांचे डोळे ओले होते, पण चेहरा फुललेला.

"दिला मी राजीनामा!"

"बाई, माफ करा. मी गाढव आहे. मला वाटलं..."

"ऐका तर! कार्यकारिणी आजच जमली होती. तिची नुसती धावपळ उडाली. कुठलं पुस्तक कुठे आहे ते एकालाही ठाऊक नाही. हातापाया पडले. मी म्हटलं, आधी खुर्च्या दुरुस्त करा. उभ्या उभ्या सह्या केल्या सगळ्यांनी. उभ्याच, कारण बसायची कुणाची छाती नव्हती."

संध्याकाळी टेम्पोभर खुर्च्या दुकानात उतरल्या. फुटपाथवर, ओट्यावर, स्वयंपाकघराच्या दारापर्यंत लंगड्या खुर्च्यांची रांग लागली. काकांनी पहिला सांधा बसवला. टक्. काकूंनी तो आवाज ऐकला आणि भावाला फोन लावला. "दादा, हे येणार नाहीत रे. यांना वेळ नाही."

बाईंनी मात्र उपकार फेडायचे म्हणून त्याच रात्री वेबसाइटवर अभिप्राय लिहिला: 'यांच्या एका सल्ल्याने माझी खुर्ची वाचली. वरचे ताळ्यावर आले. डोळे मिटून विश्वास ठेवा.'

सकाळी आठ वाजता फोन खणाणला. काकांचे दोन्ही हात सरसात होते. काकूंनी पदराला हात पुसले, फोन उचलला आणि ठेवणीतल्या आवाजात विचारलं, "बोला. लाकडाची की मानाची?"

पलीकडून काहीतरी कुजबुज झाली.

"मानाची असेल तर थांबावं लागेल हो," काकू म्हणाल्या. "सध्या लाकडाची फार गर्दी आहे."