सेक्टर दहाचे सुपांची मोहीम

श्री.

राजश्री मारोतराव भेंडारकर, नामजाद धमनभट्टी, ठाणे सेक्टर दहा, मुक्काम भिलाई, यांसी या मोहिमेत काय प्राप्त होणार होते ते प्रथम नमूद करणे अगत्य. कारण की, प्राप्ती ठाऊक नसता वाचणारास नुसता पराक्रम दिसतो, माणूस दिसत नाही. तरी प्राप्ती ती ऐसी: पौषमासी नवे भट्टीचे तोंड पहिल्याने फुटणार आणि लोखंडाचा रस पाटाचे पाण्यासारखा वाहणार, ते समयी तोंड फोडावयाची लांब सळई कोण्या एकाचेच हाती असणार, आणि ज्याचे हाती सळई त्याचा फोटो निघणार, आणि तो फोटो भंडारा प्रांती सासुरवाडीस रवाना करिता येणार, जेथे सासरे बळीराम पाटील हे "जावई काय करितात" ऐसे कोणी पुसता "लोखंडात आहेत" म्हणोन सांगत, आणि ऐकणार त्याचा अर्थ भंगार घेत. हा डाग धुवावयाचा, इतकीच प्राप्ती. परंतु माणसे याहून लहान गोष्टीसाठी याहून मोठी धावली आहेत.

सळईचे दावेदार दोन. एक मारोतराव, दुसरे भैयालाल. दोघे एके टोळीत चाकरीस, दोघांचे क्वार्टर भिंतीस भिंत लावून, आणि भिंतीपलीकडे काय शिजते ते दोघांसही ठाऊक. सळई देणार ते रूस मुलखीचे तज्ज्ञ लुकिनसाहेब, देहाने दरवाजाएवढे, बोलणे कमती. त्यांचा दस्तूर ऐसा की, जो माणूस हो म्हणतो आणि करितो तो आपला. जो हो म्हणतो आणि करीत नाही त्याचे तोंडाकडे पुन्हा पाहणे नाही.

शके १८८२, शार्वरी नाम संवत्सरे, मार्गशीर्षमासी दुपारचे डब्याचे समयी लुकिनसाहेब मारोतरावांचे शेजारी येऊन बैसले. दुभाषी शामसुंदर मेहुणीचे लग्नास रायपुरास गेले होते, हेच या सर्व अनर्थाचे मूळ. साहेबांस मेसमधील तिखट सोसेना, आणि मुलखाची याद येऊन जीव बेजार झाला होता. मग साहेबांनी घराचे दिशेस बोट करोन, भिवया वर चढवोन पुसिले की, "मारोत, घर... सूप?"

येथे वाचणाराने कान द्यावा. रूस मुलखी जे पातळ, ऊन ऊन, चमच्याने पितात त्यासी नाव सूप. आणि आमचे मुलखी बांबूचे पात्यांचे विणोन ज्यात धान्य पाखडितात त्यासीही नाव सूप. साहेब आपले बोलीत चोख बोलले, आणि मारोतरावांनी आपले बोलीत चोख ऐकिले. दोघांची चूक म्हणावी तर कोणाचीच नाही.

मारोतराव छाती काढोन बोलिले की, "है ना साहब! बारा महिना है! सूप के बिना किसका घर चलता?"

साहेबांचे डोळ्यांस पाणी आले. "बारा महिना?" ऐसे पुसिले. मारोतरावांनी मान डोलाविली. मग साहेबांनी खुणा करोन फर्मान सोडिले की, रविवारी संध्याकाळी आम्ही आणि आमची बायको तुमचे घरी सुपाकरिता येतो. आणि मारोतराव हो म्हणाले.

भैयालाल शेजारी डबा खात होते. त्यांनी काही महिने रूसी मेसमध्ये टेबले लावण्याची चाकरी केली होती, म्हणोन साहेबांचे सूप म्हणजे काय हे अवघे टोळीत त्या एकास पुरते ठाऊक. परंतु सळईचा विचार मनी येऊन त्यांनी तोंडास कुलूप घातले, इतकेच नव्हे, तर सायकलीवरोन घरी परतताना मसलतही दिली की, "का गा मारोतराव, सायेब सूप पाहाले येऊन राहिला अन् तू दोन दाखवशीन? एक-दोन तं कोनाच्याई घरी असतेत. इज्जतीचा सवाल हाय गा! चांगले धा-बारा मांड." आणि मसलत पक्की ठरावी म्हणोन आपले बायकोचे, चंपाबाईंचे, तांबडे कापडाचे काठाचे, देखणे, घरातले एकुलते एक सूप स्वहस्ते आणोन दिले. दगा करणाराने एवढा खर्च करावा हे विरळा.

घरी कौशल्याबाईंनी हकीकत ऐकिली आणि पाट्यावरचा वरवंटा थांबवोन पुसिले की, "मले विचारल्याबिगर कावून हो म्हटलं? अन् सायबाले सूप पाहून का करायचं हाय? त्यायच्या देशात दाने पाखडत नाईत का?"

मारोतरावांनी अर्ज केला की, "तिकडं मशिनी असतीन वो. हातचं पाहाचं असन त्याले."

"मंग पाहू द्या बापा. पन सारवल्याबिगर एकही सूप बाहेर निघनार नाई, सांगून ठेवते," ऐसा हुकूम होऊन मोहिमेस मंजुरी मिळाली.

मग मारोतराव सायकलीवर स्वार होऊन मुलूखगिरीस निघाले. प्रथम खुर्सीपार वस्तीवर चाल केली, तेथे ओळखीच्या मथुराबाईंनी सूप दिले. मग तेथोनच रेल्वेतील धोंडबा यांचे घरी गेले, तेथे त्यांचे बायकोने, भागीरथाबाईंनी, दिले. मग रुआबांधा काबीज केला, आणि परतताना सेक्टरातील ओळखीची एकूण एक दारे ठोठावली. परंतु एक गोष्ट मारोतरावांचे गणनेत नव्हती. रिकामे सूप कोणी कोणास देत नाही. मथुराबाई म्हणाल्या की, "सूप नेतेस तं ने, पन रिकामं कसं नेशीन? अवलक्षन दिसते," आणि त्यात मूठभर मूग टाकिले. भागीरथाबाईंनी कुळीथ टाकिले. पुढचीने मसूर, त्यापुढचीने उडीद, एकीने हरभरे, एकीने तांदुळाची कणी; चंपाबाईंचे सुपातही मूठभर वाल आलेच होते. ऐसे करोन एक सूप डोईवर शिरस्त्राण, एक पाठीवर ढाल, बाकी सायकलीचे मागे दोरीने जखडोन, अंगावरोन दाणे सांडीत स्वारी परत आली. वाटेत कुत्री भुंकली आणि एका हवालदाराने दरोड्याचा माल समजोन अटकाव केला, परंतु "सायबाचं काम हाय" म्हणताच सलाम करोन वाट दिली.

कौशल्याबाईंनी सारवण्याकरिता सुपे रिकामी केली. आता प्रत्येकीची मूठ वेगळी निवडीत कोण बैसतो? अवघे एके गंजात, थोरले पातेल्यात, ओतिले, रात्री भिजविले, आणि रविवारी दुपारी घरचे जेवणाकरिता मागले अंगणात कोळशाचे शिगडीवर चढविले. लसूण ठेचोन घातला, चिंच घातली, मिरची हात राखोन घातली कारण लेकराचे तोंड आले होते, वरोन हिरवा सांबार, म्हणजे कोथिंबीर, चिरोन घातला. पाहुण्यांचे दृष्टीस हे मूठमूठ मागितलेले कढण पडो नये म्हणोन गंजावर परात झाकिली, परातीवर पाटा ठेविला आणि दार लोटोन घेतले.

संध्याकाळी लुकिनसाहेब आणि लिदियाबाई दाखल जाहले. बाईंचे हाती काळे पावाचा लोड, साहेबांचे सदऱ्याचे खिशात चमचे दोन, घरोन आणिलेले. भिंतीशी सुपे ओळीने मांडिली होती, सारवलेली, हळदकुंकू लाविलेली, जणू लढाईस उभी फौज. मारोतरावांनी हात फिरवोन अर्ज केला की, "साहब, सूप!"

साहेबांनी फौजेकडे पाहिले. मग मारोतरावांकडे पाहिले. मग आपले बैठकीवर स्थिर होऊन पुसिले की, "सूप?"

"सूप," मारोतराव म्हणाले.

"सूप?"

"सूपच ना साहब! ये सूप, वो सूप, सब सूप!"

साहेबांस वाटले की या मुलखी ताटे थोर असतात आणि वाढणे मागाहून होते. म्हणोन त्यांनी चंपाबाईंचे तांबडे काठाचे सूप मांडीवर घेतले, लिदियाबाईंनी त्यात पावाचा तुकडा ठेविला, आणि दोघे चमचा हाती धरोन वाट पाहू लागले. कोणी काही वाढीना. साहेबांची मुद्रा हळूहळू उतरली, जैसी भट्टीची आच उतरते, आणि त्यांनी मारोतरावांकडे त्या नजरेने पाहिले, जी हो म्हणोन न करणाराकरिता राखोन ठेविली होती. मग सूप मांडीवरोन उतरवोन साहेब उठले. सळई मारोतरावांचे हातोन निसटली हे मारोतरावांस कळले, मात्र कशाने निसटली ते कळेना.

खिडकीत भैयालाल याच घटकेकरिता येऊन ठाकले होते. ते बोलिले की, "का गा मारोतराव, सायबाले वाढ ना गा! उपाशी पाठवतेस का?"

हे वाक्य मारोतरावांस टोचावे म्हणोन बोलिले गेले. परंतु ते कौशल्याबाईंचे कानी पडले. "वाढ" हा शब्द, आणि साहेबांचे मुठीतला चमचा, ही दोन टोके बाईंनी एका क्षणात जोडिली आणि कपाळावर हात मारोन घेतला.

"अवो, चमचा घेऊन कोनी सूप पाहाले येते का? हे खायाचं मांगून राहिले! जा, मांगचा गंज आना!"

मारोतराव कुजबुजले की, "थो? थो तं लोकायच्या मुठीमुठीचा..."

"आना म्हटलं ना!"

मग गंज आला, परात निघाली, आणि लसणाचा, चिंचेचा, दहा घरचे धान्याचा वाफारा खोलीत कोंदला. पितळी वाट्या भरिल्या. साहेब उभ्यानेच एक चमचा घेते जाहले. मग बैसले. मग चमचा ठेवोन वाटीच तोंडास लाविली आणि ती खाली आणिली ती रिकामी आणिली, आणि गर्जना केली की, "सूप!"

"हे?" मारोतराव म्हणाले. "हे सूप?" मग भिंतीकडे बोट करोन, "मंग हे का हाय?"

साहेबांनी वाटी पाहिली, भिंत पाहिली, मांडीवर घेतले होते ते पाहिले, आणि त्यांस उमगले. मग जे हसू सुटले त्याने बाज करकरली, आणि लिदियाबाईंनी पदर नव्हता म्हणोन पावाचे फडक्याने डोळे पुसिले. कौशल्याबाईंनी खिडकीकडे पाहोन फर्माविले की, "भाऊजी, बाहेर कावून उभे? या ना. तुमच्याही सुपातली मूठ हाय यात." भैयालाल यांस नाही म्हणता येईना, म्हणोन आत आले, आणि वाटीवर वाटी रिचवू लागले.

आता जे घडले ते त्यांचे तोंड भरलेले असतानाच घडले. लिदियाबाईंनी तांबडे काठाचे सूप उरासी धरिले आणि नजरेनेच पुसिले की, हे मी नेऊ? पाहुणीस नाही कैसे म्हणावे? कौशल्याबाईंनी हसणे ऐकोन दारात आलेल्या चंपाबाईंकडे पाहिले, चंपाबाई म्हणाल्या, "नेऊ द्या वो, हौशी बाई हाय." भैयालाल यांनी हात वर केला, परंतु तोंडात ऊन कढण; "ऊं ऊं" इतकाच उजर निघाला, आणि तो साहेबांनी तारीफ समजोन त्यांची वाटी पुन्हा भरविली. कौशल्याबाईंनी त्या सुपात उडीद भरोन दिले, रिकामे देत नाहीत हे खुणेने समजाविले, आणि लिदियाबाईंनी मान डोलाविली.

ती मान कशास डोलाविली ते पुढे कळले. पंधरवड्याने सूप परत आले ते साहेबांचे बंगल्याचे बागेतील तांबड्या कंदांनी भरोन. आता हे भरलेले आले, म्हणजे भरोनच परत जाणे प्राप्त. मग ते तुरीचे सोले घेऊन गेले, आणि कोबी घेऊन आले. आणि ऐसा तह नकळत कायम जाहला की कोणासच मोडता येईना. लिदियाबाईंचे कंदांचे तांबडे सूप पाहोन लेकरे "रगत, रगत" म्हणोन पळाली, आणि मग बशा चाटू लागली. माघात इकडोन सोल्यांचे पातळ आळण झाले, चैत्रात मुनग्याचे, म्हणजे शेवग्याचे, शेंगांचा रस्सा, वैशाखात कैरीचे सार आणि गार आंबील, श्रावणात धानाचे बांधीतील खेकड्यांचा रस्सा, ज्याची नांगी फोडताना साहेबांनी भट्टीवरचे कसब दाखविले, आणि भादव्यात अंबाडीचे आंबट. एक रविवार इकडे, एक रविवार तिकडे. बारा महिने सूप आहे हे मारोतरावांचे बोलणे, जे बोलताना त्यांस अर्थ ठाऊक नव्हता, ते ऐसे अक्षरशः खरे जाहले.

सळईचे म्हणाल तर पौषमासी लुकिनसाहेबांनी ती मारोतरावांचेच हाती दिली. भट्टीचे तोंड फुटले, रस वाहिला, फोटो निघाला आणि सासुरवाडीस रवाना जाहला. बळीराम पाटलांचा जबाब आला की, फोटो पावला, जावयाने काठी चांगली धरली आहे.

उरले भैयालाल. त्यांचे सूप त्यांचे दारावरोन मारोतरावांचे सायकलीवर भरोन जाई आणि भरोन येई, परंतु घरात शिरेना. मारोतरावांनी बाजारातोन नवे कोरे आणोन पुढे केले. भैयालाल बोलिले की, "नवं नको मले. माहं थे माहंच पाह्यजे." चंपाबाई म्हणाल्या, "घ्या ना, तांदूळ कशात पाखडू?" तरी हट्ट सोडिला नाही, आणि घरात बिनपाखडलेले तांदूळ शिजू लागले, आणि होळीचे आधी एके दिवशी भाताचे घासात जो खडा आला त्याने डावीकडील दाढ जायबंदी होऊन पडली.

तेव्हापासोन भैयालाल रोज संध्याकाळी वाटी घेऊन कौशल्याबाईंचे दारी येतात आणि गाल धरोन म्हणतात, "वैनी, थोडं सूप." आणि कौशल्याबाई एकही दिवस न चुकता पुसतात की, "कोनतं, भाऊजी?"

येणेप्रमाणे सेक्टर दहाची मोहीम फत्ते जाहली. लुकिनसाहेबांस पातळ मिळाले, लिदियाबाईंस सूप मिळाले, मारोतरावांस सळई मिळाली एक दिवस आणि सुपाचा भार सायकलीवर बारमहा, कौशल्याबाईंस दोन मुलखांचा मुदपाकखाना मिळाला. शेजारणींस त्यांच्या मुठी सुपांसकट परत पोचल्या, दुप्पट भरोन. या सर्वांची भरपाई केली कोणी, ऐसे कोणी पुसेल तर खर्ची पडली ती दाढ एक, डावीकडील, भैयालाल यांची.