तेल नव्वद अंशांवर येईपर्यंत

वाहन हे माणसाने कुठेतरी पोहोचण्यासाठी निर्माण केले, असे शाळेच्या पुस्तकात लिहिलेले असते आणि बहुतेकांचे या विषयातले शिक्षण तिथेच थांबते. जर्मनीतल्या नेकार नदीकाठच्या क्रीडा-सेडान मंडळाचे शिक्षण पुढे गेले होते. मंडळाच्या घटनेत 'पोहोचणे' हा शब्द एकदाही येत नाही. (घटना बेचाळीस पानांची आहे. त्यांतली नऊ गाडी पुसायच्या फडक्याविषयी आहेत.)

या मंडळापुढे वर्षभर एकच प्रश्न होता: विजेवर पळणाऱ्या सेडानला गाडी म्हणावे की नाही. देशापुढे याहून गंभीर प्रश्न असतील, पण त्यांच्यासाठी सरकार आहे. मंडळाने तुलना समिती नेमली. पेट्रोलच्या बाजूने गेरोल्ड हेबरलाइन, ज्याने उभी हयात गिअरबॉक्सच्या कारखान्यात काढली होती. विजेच्या बाजूने त्याचाच जावई लेनार्ट, जो गेरोल्डच्या लेकीसह त्याच्याच घरात वरच्या मजल्यावर राहत होता. सासरा-जावई एका समितीत बसले की घरातल्या जेवणाचे मातेरे होते, असे गेरोल्डची बायको गुड्रून आधीच म्हणाली होती. ते इतिवृत्तात घेतले गेले नाही.

समितीचे काम चोख होते. विजेची गाडी तीन सेकंदांत ताशी शंभराचा वेग घेते, पेट्रोलची पावणेचार सेकंदांत. या वाचलेल्या पाऊण सेकंदाचे माणसाने नंतर काय करावे, याची नोंद नाही. विजेची गाडी पाचशे किलोंनी जड, म्हणून वळणावर अंग टाकते, असा गेरोल्डचा आक्षेप. तुमची गाडी पंपावर अंग टाकते, असे लेनार्टचे उत्तर. पेट्रोलच्या इंजिनाला आवाज आहे आणि तो ऐकून गेरोल्डच्या डोळ्यांत पाणी यायचे. (यातला निम्मा आवाज आतल्या लाऊडस्पीकरमधून येतो. विजेच्या गाडीत तो सगळाच तिथून येतो. म्हणजे दोन संस्कृतींमधला मतभेद उरलेल्या निम्म्याचा होता.)

'प्रत्यक्ष उपयोगातील कामगिरी' हा एक रकाना तेवढा कोरा राहिला. दोन्ही गाड्या आजवर कशाच्या उपयोगी पडल्याच नव्हत्या.

अशात एका शनिवारी सकाळी मराइकेला कळा सुरू झाल्या. मराइके गेरोल्डची एकुलती एक लेक. तीस वर्षांपूर्वी गुड्रूनला आपण कसे वाऱ्यासारखे दवाखान्यात नेले, ही गोष्ट गेरोल्ड तिच्या दर वाढदिवसाला सांगे, आणि आता लेकीलाही मीच नेणार असा त्याने तिला शब्द दिला होता. तो शब्द पाळण्याची वाट तो नऊ महिने पाहत होता. पण मूल लेनार्टचे असल्यामुळे त्याचाही दावा अगदीच पोकळ नव्हता. समितीची तातडीची बैठक जिन्याखाली भरली. ठरले असे की दवाखाना अकरा किलोमीटरवर आहे, तेव्हा अर्धे अंतर पेट्रोलने, मग वाण्याच्या मोठ्या दुकानासमोर गाडी बदलायची आणि उरलेले अर्धे विजेने.

"मला मधेच उतरवणार? या अवस्थेत?" मराइके कठडा धरून म्हणाली.

"सारखं अंतर, सारखा भार," लेनार्टने समजूत घातली. "नाहीतर पपा निकाल मानायचे नाहीत."

"आणि वाटेतच झालं तर?" गुड्रूनने विचारले.

"ज्याच्या गाडीत होईल, त्याला तो गुण," गेरोल्ड म्हणाला, आणि त्याला हे अगदी न्यायाचे वाटले.

आता, जातिवंत इंजिन थंड तेलावर पळवणे म्हणजे पाप. तेल नव्वद अंशांवर आल्याशिवाय गेरोल्डने आयुष्यात कधी अ‍ॅक्सिलरेटर जोरात दाबला नव्हता. गाडी उभी ठेवून तेल तापवावे तर तिथल्या कायद्याने बंदी, आणि गेरोल्डने कायदाही कधी मोडला नव्हता. म्हणून "आलोच" म्हणून तो गावाला फेऱ्या मारायला निघाला. लेनार्ट अंगणात विजेच्या गाडीत जाऊन बसला, कारण पूर्ण ताकद हवी तर तिची बॅटरीही आधी तापवावी लागते. तिथे पडद्यावर एक हिरवी पट्टी भरत होती. लेनार्टने तिच्यावरची नजर हलवली नाही.

पहिल्या फेरीत तेल एकेचाळीसवर होते. दुसऱ्या फेरीत, अडुसष्टवर असताना, गेरोल्डला बसथांब्यावर गुड्रून आणि मराइके दिसल्या. मोकळ्या हवेसाठी बाहेर पडल्या असतील, असे त्याला वाटले. मराइकेने त्याला थांबवण्यासाठी दोन्ही हात हलवले. गाडीच्या आवाजाला मिळालेली ही दाद त्याने मान लववून स्वीकारली. तिसऱ्या फेरीत त्याच्यापुढे बस आली. थांब्यांजवळ बसचे चारही दिवे लुकलुकत, आणि अशा बसला ओलांडायला तिथे कायद्याने मनाई आहे. शनिवारी सकाळी बसने जाणारी ही रिकामटेकडी माणसे कोण, असा विचार करत तो मोठ्या चौकापर्यंत तिच्यामागून गेला. तिथे तेलाचा काटा नव्वदवर आला आणि तो भरल्या मनाने घराकडे वळला.

घरी कोणी नव्हते. म्हणजे लेनार्ट होता.

"ती वर आवरतेय," तो पडद्यावरून डोळे न काढता म्हणाला.

त्यांनी दाराशी बराच वेळ वाट पाहिली, तेही सौजन्याने. मग दवाखान्यातून गुड्रूनचा फोन आला. त्यानंतर मात्र दोन्ही गाड्या खरोखरच सुसाट गेल्या. दवाखान्याच्या तळघरातल्या अरुंद जागेत चाकांना ओरखडा न पाडता त्या लावायला, जाण्याला लागला त्याच्या दुप्पट वेळ लागला.

वर मराइके खाटेवर पडून होती. तिने बापाकडे पाहिले, नवऱ्याकडे पाहिले.

"बसमध्ये एका अनोळखी आजीबाईंनी माझा हात धरून ठेवला होता," ती म्हणाली. "तो हात खरं म्हणजे कुणाचा असायला हवा होता, त्यावर आता समिती नेमा."

गेरोल्ड खुर्चीवर बसला. तीस वर्षे सांगितलेली गोष्ट आता पुन्हा कोणापुढे सांगता येणार नाही, हे त्याला समजले, आणि ते फार लागले. लेनार्ट शेजारी बसला. त्याने हळूच विचारले, "शेवटी किती झालं होतं तेल?"

"ब्याण्णव," गेरोल्ड म्हणाला.

ही हकीकत पुढे मंडळाच्या वार्षिक अंकात छापून आली. तिच्यावर वाचकांची एकशे चौदा पत्रे आली आणि प्रत्येकात एकच विचारणा होती: खुल्या रस्त्यावर अखेर कोणती गाडी पुढे होती? आपणही, सुज्ञ वाचकहो, इथवर त्याच ओढीने आला आहात. मूल आणि बाळंतीण सुखरूप आहेत का, हे आपण विचारल्याचे आमच्या तरी ऐकण्यात नाही. पेट्रोलची, अर्ध्या गाडीच्या लांबीने.