पानासाहेबांचा क्लच

सकाळी मोटरसायकलची चेन बोटाने दाबून पाहिली तर ती किंचित हलली, आणि अधीक्षकसाहेबांचा पारा चढला. हलणारी कुठलीही गोष्ट त्यांना खपत नसे. खिशातला पाना काढून त्यांनी चेन ताठ केली. हात लागलाच होता म्हणून क्लचची केबलही एक आटा आवळली.

"अहो, कालच आवळलीत ना?" बायको दारातून म्हणाली. "डब्याचं झाकणही असंच लावता. दुपारी चौघं लागतात म्हणे उघडायला."

"ढिलं सोडलं की सगळं बिघडतं," साहेब म्हणाले आणि निघाले.

हा पाना कायम खिशात असे, म्हणून कार्यालयात त्यांच्या माघारी सगळे त्यांना पानासाहेब म्हणत. कार्यालयाच्या दारात त्यांनी एक फळा लावला होता. दहानंतर येणाऱ्याचं नाव, वेळ आणि कारण त्यावर दिवसभर झळकत असे. येणारा कारण काहीही सांगो, पानासाहेब एकच लिहीत, 'ढिलाई'. साहेब स्वतः जागेवर नसतील तर खडू सर्वांत आधी आलेल्याच्या हाती, असाही नियम त्यांनीच केला होता. पण बावीस वर्षांत ती वेळ आली नव्हती. पोटच्या पोरांचं कौतुक त्यांनी कधी केलं नसेल, पण या बावीस वर्षांचं ते येता-जाता करत.

त्या दिवशी मात्र चढावर गाडी रुसली. मूठ पिळावी तितकं इंजिन बोंबलत होतं, पण चाक काही मनावर घेईना. वर करपल्यासारखा वास येऊ लागला. साहेब उतरले. "पेट्रोलमध्ये भेसळ!" त्यांनी निदान केलं आणि भेसळीवर उपाय म्हणून क्लच आणखी एक आटा आवळला.

तेवढ्यात मागून एक स्कूटर येऊन थांबली. तिच्यावर त्यांचाच कारकून होता. फळ्यावर रोज नाव असायचं म्हणून त्याला साडेदहा म्हणत. "साहेब, वाटेत एकाची गाडी बंद पडली होती, जरा बघितली," हे त्याचं ठरलेलं कारण. ते साहेबांनी कधी खरं मानलं नव्हतं.

साडेदहाने उकिडवं बसून वास घेतला, क्लचची दांडी दाबून पाहिली. "साहेब, क्लच घसरतोय. दांडीला जरासुद्धा सैल जागा ठेवली नाही तुम्ही. म्हणजे क्लच दिवसभर अर्धा दाबलेलाच. प्लेटा घासून घासून जळाल्यात."

"काहीतरीच! मी रोज आवळतो."

"तेच सांगतोय, साहेब. आणि ही चेन दोन बोटं तरी हलायला हवी. चक्राचे दात बघा कसे झिजून वाकडे झालेत. बदलावं सगळंच लागेल. आत्तापुरता पाना द्या, दोन आटे सैल करतो. कशीबशी पोचेल."

"सैल? माझी गाडी?" साहेबांनी पाना पाठीमागे धरला. "तुम्ही आधी कामावर जा! दहाला बारा कमी आहेत. रोज लोकांच्या गाड्या बघत बसता म्हणून तर..."

वाक्य तिथेच अडकलं. ते पुरं केलं असतं तर माणूस इतकी वर्षं खरं सांगत होता, हे कबूल करावं लागलं असतं.

"पण साहेब, तुमची गाडी..."

"जा म्हणतो ना!"

साडेदहा गेला. बंद गाडीपाशी त्याला थांबू न देणारा माणूस आज पहिल्यांदाच भेटला होता.

साहेबांनी मग चेनही एक आटा आवळली, आणि उरलीसुरली कसर भरून काढली. शंभर पावलांवर कट्-कट् आवाज झाला, चेन दातांवरून उडाली आणि रस्त्यावर पडली. ती हँडलला अडकवून साहेब गाडी ढकलू लागले. "पेट्रोल संपलं का?" असं अकरा जणांनी विचारलं. पहिल्या चौघांना त्यांनी उत्तर दिलं.

ते फाटकातून शिरले तेव्हा खिडकीतली सगळी डोकी एकदम फायलींत गेली. गाडी उभी करून, घामाने निथळत ते दाराशी आले. फळ्यावर एकच नाव होतं.

'अधीक्षक. १०.२५. कारण : फार आवळल्यामुळे.'

"कोणी लिहिलं हे?"

साडेदहा उभा राहिला. "मी, साहेब. आज मीच पहिला आलो. तुम्ही फाटकात दिसलात तसं लिहिलं. ढिलाईच लिहिणार होतो, पण ते खोटं झालं असतं."

"खडू."

साडेदहाने खडू पुढे केला. साहेबांनी घड्याळ पाहिलं, ग्रीसने माखलेल्या अंगठ्याने पंचवीस पुसले आणि सत्तावीस लिहिले.

"वेळ दाराशी पोचल्याची धरायची, फाटकाशी नव्हे," ते म्हणाले. "लिहिण्यात ढिलाई नको."

आपल्या खोलीकडे निघाले, अर्ध्या वाटेवरून परतले आणि पाना साडेदहाच्या टेबलावर ठेवला.

"दोन आटे म्हणालात ना?"